नागपूरच्या वहीतले मुख्यमंत्री

सामान्य ज्ञानाच्या पुस्तकात महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांची यादी यशवंतराव चव्हाणांपासून सुरू होते. तारीख १ मे १९६०. स्पर्धा परीक्षेला बसणारी मुलं ती खालपर्यंत पाठ करतात आणि तेवढ्याने गुण मिळतात. पण या यादीच्या पहिल्या ओळीच्या वर काय होतं, असं विचारलं की उत्तर गावागणिक बदलतं. मुंबईकराने मागे वळून पाहिलं तर त्याला मोरारजी देसाई आणि बाळासाहेब खेर दिसतात. औरंगाबाद-नांदेडच्या माणसाला हैदराबाद राज्याचे मुख्यमंत्री बुर्गुल रामकृष्ण राव दिसतात. आणि नागपूरकराला दिसतात पंडित रविशंकर शुक्ल आणि त्यांच्याही मागे डॉ. नारायण भास्कर खरे.

म्हणजे आज एकच वाटणारी ही यादी मुळात तीन वह्यांतली आहे. १ नोव्हेंबर १९५६ या दिवशी त्या एकत्र शिवल्या गेल्या. या प्रकरणात आपण त्यातली नागपूरची वही उघडणार आहोत. ती वेगळी आहे, कारण या शहराने मुख्यमंत्र्याची खुर्ची दोन्ही तऱ्हांनी अनुभवली. आधी खुर्ची गावात होती. ती गेली, आणि मग गावचा, नाहीतर शेजारच्या जिल्ह्याचा माणूस मुंबईतल्या खुर्चीत जाऊन बसला. या दोन गोष्टी सारख्या नाहीत, हे नागपूरने जितकं ओळखलं तितकं महाराष्ट्रातल्या दुसऱ्या शहराने क्वचितच ओळखलं असेल.

नागपूरचे पंतप्रधान

१८६१ मध्ये इंग्रजांनी मध्यप्रांत बनवला आणि नागपूर त्याची राजधानी झालं. १९०३ मध्ये वऱ्हाड कारभारासाठी त्याला जोडला गेला. छत्तीसगड, महाकोशल, नागपूर आणि वऱ्हाड असा हा लांबरुंद प्रांत. अर्धा हिंदी बोलणारा, अर्धा मराठी, आणि मध्ये गोंडांचं जंगल.

१९३५ च्या कायद्याने प्रांतांना निवडून आलेली सरकारं मिळाली. त्या सरकारच्या प्रमुखाला तेव्हा मुख्यमंत्री म्हणत नसत, ‘पंतप्रधान’ म्हणत. मुंबई प्रांताला पंतप्रधान होता, मद्रासला होता, तसा नागपूरलाही होता. १९३७ च्या निवडणुकीनंतर काँग्रेसने मंत्रिमंडळ बनवलं आणि नागपुरातले डॉक्टर ना. भा. खरे पंतप्रधान झाले.

खरे मराठी, पण मंत्रिमंडळातले तीन वजनदार सहकारी महाकोशलचे: रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि दु. के. मेहता. वर्षभरात दोन्ही गटांचं फाटलं. जुलै १९३८ मध्ये खऱ्यांनी एक धाडसी डाव टाकला. स्वतः राजीनामा दिला आणि सहकाऱ्यांनाही द्यायला सांगितलं, म्हणजे मंत्रिमंडळ नव्याने बांधता येईल. महाकोशलच्या तिघांनी नकार दिला, तेव्हा गव्हर्नरने त्यांना काढून टाकलं आणि खऱ्यांनी नवं मंत्रिमंडळ बनवलं.

कायद्यात हे बसत होतं. पण गव्हर्नरच्या हाताने स्वतःच्या पक्षाचे मंत्री काढवले, ही गोष्ट काँग्रेसला मुळीच रुचली नाही. आणि काँग्रेसचं खरं मुख्यालय तेव्हा दिल्लीला कमी, वर्ध्याला जास्त होतं. सेवाग्रामला गांधीजी राहत आणि वर्ध्याला कार्यकारिणी भरे. नागपूरहून सकाळी गाडीत बसलेला माणूस दुपारच्या जेवणाला तिथे पोचतो. खऱ्यांना बोलावणं आलं, नवं मंत्रिमंडळ काही दिवसांतच गुंडाळावं लागलं आणि रविशंकर शुक्ल नेता झाले. काँग्रेस सोडल्यावर खऱ्यांची वाट व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाकडे, मग अलवर संस्थानाच्या पंतप्रधानपदाकडे आणि शेवटी हिंदू महासभेच्या अध्यक्षपदाकडे गेली.

‘खरे प्रकरण’ या नावाने ही घटना देशभर गाजली. प्रांताचा प्रमुख कोणाला उत्तरदायी, त्याच्या आमदारांना की पक्षश्रेष्ठींना, हा प्रश्न इथे पहिल्यांदा उघडपणे पुढे आला. पुढच्या काळात मुख्यमंत्री बदलण्यासाठी दिल्लीहून निरीक्षक येतात आणि ‘श्रेष्ठी ठरवतील’ हे वाक्य ऐकू येतं, तेव्हा आपण नव्या रूढीबद्दल बोलतो असं वाटतं. तिचा पहिला मोठा प्रयोग नागपूर-वर्धा या पाऊणशे किलोमीटरच्या अंतरात होऊन गेला आहे.

शुक्लांची दहा वर्षं

दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला काँग्रेसची मंत्रिमंडळं बाहेर पडली. एप्रिल १९४६ मध्ये शुक्ल परत आले आणि मग १९५६ पर्यंत उठलेच नाहीत. १५ ऑगस्ट १९४७ ला ते पंतप्रधान होते. २६ जानेवारी १९५० ला प्रांताचं नाव ‘मध्य प्रदेश’ झालं आणि त्यांच्या पदाचं नाव ‘मुख्यमंत्री’. माणूस तोच, राहण्याचं गाव तेच. त्यामुळे स्वातंत्र्यानंतरचा नागपूरचा पहिला मुख्यमंत्री कोण, या प्रश्नाला उत्तर एकच: पांढऱ्या भरदार मिशांचे, सागरला जन्मलेले, रायपूरला वकिली केलेले पंडित रविशंकर शुक्ल.

आजच्या वाचकाला हे ऐकून जरा चमत्कारिक वाटतं. मध्य प्रदेशची राजधानी नागपूर? पण तेव्हा तसंच होतं. रायपूर-बिलासपूरचे आमदार अधिवेशनाला नागपूरला येत. अमरावती-यवतमाळचे आमदारही तिथेच. हिंदी आणि मराठी दोन्ही भाषांत राज्यकारभार चाले. शहरात उच्च न्यायालय होतं, ९ जानेवारी १९३६ पासूनचं. सिव्हिल लाइन्समधल्या एका इमारतीला लोक आजही ‘जुनं सचिवालय’ म्हणतात. नवं सचिवालय ज्या गावात बांधलंच गेलं नाही, तिथे हे ‘जुनं’ विशेषण किती बोलकं आहे!

पुढे महाराष्ट्र चालवणारी दोन माणसं याच सरकारात घडली. चांद्याचे, म्हणजे आजच्या चंद्रपूरचे, मारोतराव कन्नमवार शुक्लांच्या मंत्रिमंडळात होते. पुसदचे तरुण वकील वसंतराव नाईक १९५२ मध्ये निवडून आले आणि महसूल खात्याचे उपमंत्री झाले. महाराष्ट्राच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या मुख्यमंत्र्याने कारभाराचे धडे मुंबईत नाही, नागपुरात गिरवले.

एक नोव्हेंबर

भाषावार राज्यांची मागणी जोर धरू लागली तसा विदर्भापुढे पेच उभा राहिला. मराठी म्हणून महाराष्ट्रात जायचं की स्वतःचं राज्य मागायचं? माधव श्रीहरी अणे आणि ब्रिजलाल बियाणी वेगळ्या विदर्भाच्या बाजूचे. न्यायमूर्ती फाजल अली यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ च्या अहवालात वेगळ्या विदर्भाची शिफारसही केली. ती मान्य झाली असती तर नागपूरची राजधानी टिकली असती. फक्त राज्य लहान झालं असतं.

शिफारस बाजूला पडली. १ नोव्हेंबर १९५६ ला बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा आणि चांदा हे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले. नव्या मध्य प्रदेशची राजधानी भोपाळ झाली. उच्च न्यायालयाचं मुख्य पीठ जबलपूरला गेलं आणि नागपूरला मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ राहिलं. फायली वाटल्या गेल्या, माणसंही वाटली गेली. कोणाचं घर भोपाळला हललं, कोणाचं मुंबईला. एकोणऐंशी वर्षांचे शुक्ल भोपाळला नव्या राज्याचे मुख्यमंत्री झाले आणि त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला गेले. नागपूर सोडल्यावर ते दोन महिनेच जगले.

राजधानी गमावलेलं भारतातलं एकमेव शहर, असं नागपूरबद्दल मोठ्या आवाजात सांगितलं जातं. ते खरं नाही. त्याच दिवशी आंध्र राज्याची राजधानी कर्नूलहून हैदराबादला गेली आणि सौराष्ट्र मुंबई राज्यात विरून राजकोटची राजधानी संपली. पण कर्नूल तीनच वर्षं राजधानी होतं आणि सौराष्ट्र राज्य जेमतेम आठ. नागपूरचा कारभार ९५ वर्षांचा होता. एके काळी नागपूरहून चालणारा मुलूख आज भोपाळ, रायपूर आणि मुंबई अशा तीन राजधान्यांत वाटला गेलाय, आणि त्यात नागपूर नाही. दुखणं तिथे आहे.

करारातलं एक कलम

नागपूरला काय मिळालं, ते आधीच लिहून ठेवलेलं होतं. २८ सप्टेंबर १९५३ ला नागपुरात पश्चिम महाराष्ट्र, विदर्भ आणि मराठवाड्यातले नेते बसले आणि एक करार झाला. सह्या करणाऱ्यांत भाऊसाहेब हिरे, यशवंतराव चव्हाण, रा. कृ. पाटील, शेषराव वानखेडे होते. एकत्र यायचं तर खर्च, नोकऱ्या आणि शिक्षण यांत प्रत्येक भागाला लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा, नागपूरला उच्च न्यायालयाचं पीठ आणि दरवर्षी ठरावीक काळ सरकारने नागपूरला येऊन किमान एक अधिवेशन तिथे घ्यायचं, असं त्यात म्हटलं आहे.

या शेवटच्या कलमातून नागपूरचं हिवाळी अधिवेशन जन्मलं. महाराष्ट्र झाल्यावर १९६० मध्येच पहिलं अधिवेशन भरलं. यशवंतराव मुख्यमंत्री म्हणून आले ते सह्या करणाऱ्यांपैकी एक म्हणूनही. दिलेला शब्द पाळायला येणं आणि पाहुणा म्हणून येणं यांत फरक असतो. पुढच्या मुख्यमंत्र्यांच्या बाबतीत तो हळूहळू पुसट होत गेला.

तेव्हापासून नागपूरच्या डिसेंबरला एक ठरलेलं रूप आहे. सिव्हिल लाइन्समधल्या भिंतींना रंग लागतो, रस्त्यांवरचे खड्डे बुजतात. ‘रामगिरी’ बंगल्यात मुख्यमंत्री, ‘देवगिरी’त उपमुख्यमंत्री, रविभवनच्या कॉटेजांत मंत्री, आमदार निवासात आमदार आणि त्यांच्या मतदारसंघातून आलेली माणसं. हैदराबाद हाऊसमध्ये मुख्यमंत्र्यांचं सचिवालय थाटलं जातं. सकाळी तर्री-पोहे, रात्री सावजी, जाताना संत्रा बर्फीचे डबे. आणि दिवसभर मोर्चे. शिक्षक, अंगणवाडी सेविका, धनगर, हलबा, कापूस उत्पादक, विनाअनुदानित शाळांचे कर्मचारी. वर्षभराचं गाऱ्हाणं घेऊन महाराष्ट्र इथे येतो, कारण सरकार इतक्या जवळ, इतक्या मोकळ्या रस्त्यावर एरवी सापडत नाही.

कधी कधी हा नेम चुकला. १९६२ मध्ये चीनचं युद्ध होतं, १९६३ मध्ये मुख्यमंत्रीच वारले, २०२० आणि २०२१ मध्ये करोना होता. २०१८ मध्ये उलटच झालं: नागपूरला पावसाळी अधिवेशन घ्यायचं ठरलं. ६ जुलैला असा पाऊस कोसळला की विधानभवनाच्या वीजयंत्रणेत पाणी शिरलं आणि त्या दिवसाचं काम थांबवावं लागलं.

असं अधिवेशन फक्त नागपूरलाच भरतं असं नाही. हिमाचल प्रदेश हिवाळ्यात धर्मशाळेला जातो. कर्नाटकाने बेळगावला अधिवेशनं घ्यायला सुरुवात केली आणि २०१२ मध्ये तिथे सुवर्णसौध उभारला. धर्मशाळेत सोय आणि सन्मान यांचा प्रश्न आहे, बेळगावात हक्क ठसवण्याचा. डिसेंबर २०२२ मध्ये तर बेळगाव आणि नागपूर, दोन्हीकडची अधिवेशनं एकाच वेळी चालू होती. तिकडे कर्नाटकाने सीमाप्रश्नावर ठराव केला आणि पाच दिवसांनी, २७ डिसेंबरला, नागपूरच्या सभागृहात एकनाथ शिंदे यांनी मांडलेला ठराव एकमताने संमत झाला. बेळगाव आपलं म्हणणाऱ्या राज्याने तो आवाज ज्या गावातून दिला, ते गाव स्वतःही एका करारापोटी राज्यात आलेलं, हा योगायोग त्या दिवशी फारसा कोणी टिपला नाही.

चांद्याचे कन्नमवार, गहुलीचे नाईक

नोव्हेंबर १९६२ मध्ये नेहरूंनी यशवंतरावांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावलं. त्यांच्या जागी आले मारोतराव कन्नमवार. १९०० साली चांदा जिल्ह्यात जन्मलेला, तरुणपणी वर्तमानपत्रं विकून पोट भरलेला, शिक्षण फारसं न झालेला माणूस. महाराष्ट्राच्या राजकारणात तोवर वकील-बॅरिस्टर आणि मोठ्या शेतकरी घराण्यांचा वरचष्मा होता. कन्नमवारांच्या मागे यातलं काही नव्हतं. होती ती चांद्याच्या खेड्यांतली पायपीट आणि काँग्रेसच्या कामाची वर्षं. त्यांच्या वाट्याला आला तो युद्धाचा आणि काटकसरीचा काळ. पुरतं एक वर्ष आणि वर चार दिवस. २४ नोव्हेंबर १९६३ ला पदावर असतानाच ते वारले. मुंबईत विक्रोळीचं कन्नमवार नगर त्यांच्या नावाचं आहे. तिथे राहणाऱ्या किती जणांना हे कन्नमवार कुठले ते ठाऊक असेल?

दहा दिवस बाळासाहेब सावंत यांनी काळजीवाहू म्हणून कारभार पाहिला आणि ५ डिसेंबर १९६३ ला वसंतराव नाईक आले. यवतमाळ जिल्ह्यात पुसदजवळच्या गहुली या तांड्यावर १ जुलै १९१३ चा जन्म. बंजारा समाज. शिक्षण नागपूरला, मॉरिस कॉलेजात आणि मग कायद्याचं. लग्नही नागपूरच्याच वत्सला घाटे यांच्याशी, १९४१ साली, तेव्हाच्या समाजाला न पटणारं, आंतरजातीय.

ते आले तेव्हा मधल्या काळाची सोय म्हणून आले असं अनेकांना वाटलं असणार. ते टिकले ११ वर्षं अडीच महिने. महाराष्ट्रात इतका काळ सलग कोणी मुख्यमंत्री राहिलं नाही. राज्याच्या पोटापाण्याचा पाया त्यांच्या काळात घातला गेला: संकरित ज्वारी, राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली इथली चार कृषी विद्यापीठं, नवी मुंबईसाठी सिडको, नागपूरजवळ कोराडीचं वीज केंद्र. राज्य अन्नधान्यात स्वयंपूर्ण झालं नाही तर शनिवारवाड्यावर फाशी द्या, असं ते म्हणाल्याचं सांगतात. मग १९७२ चा दुष्काळ आला. त्यात लाखो हातांना खडी फोडण्याचं, नाले-बंधारे बांधण्याचं काम मिळालं. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना या दुष्काळात तावून निघाली आणि पुढे कायदा झाली. तिचीच धाकटी बहीण म्हणावी अशी योजना २००५ मध्ये साऱ्या देशाने स्वीकारली.

विदर्भाच्या शेतकऱ्यासाठी याच काळातली मोठी गोष्ट म्हणजे कापसाची एकाधिकार खरेदी. शेतकऱ्याने कापूस फक्त सरकारला विकायचा, भाव ठरलेला, व्यापाऱ्याची मधली कडी गायब. काही वर्षं तिने आधार दिला, पुढे तोट्यात रुतली आणि नव्या शतकात मोडून पडली.

कन्नमवार आणि नाईक मिळून १९६२ ते १९७५ अशी बारा वर्षं खुर्ची विदर्भाच्या माणसाकडे होती. नागपूरच्या वहीतलं हे सर्वांत लांब पान, आणि इथेच पहिला धक्काही आहे. १९८३ मध्ये सरकारने अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. राज्याच्या सरासरीच्या तुलनेत कोणता भाग किती मागे, हे तिने रुपयांत मोजलं. एकूण अनुशेष निघाला सुमारे ३,१८६ कोटींचा. त्यातला ३९ टक्के एकट्या विदर्भाचा. ‘अनुशेष’ हा शब्द तेव्हापासून नागपूरच्या बोलण्यात असा रुळला की पानटपरीवरही तो कोणाला अडखळत नाही.

असं का झालं? मुख्यमंत्री एका भागाचा असला तरी त्याची खुर्ची उभी असते ती सगळ्या राज्याच्या आमदारांवर. पश्चिम महाराष्ट्रात साखर कारखाने, सहकारी बँका, धरणं यांचं जाळं विणलं जात होतं आणि आमदारांची ताकद तिथून येत होती. विदर्भात कापूस होता, पण कापसाभोवती तसा सहकार उभा राहिला नाही. बाहेरून आलेल्या माणसाला घर चालवायचं असतं तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांचं आधी ऐकावं लागतं. नाईकांनी ते ऐकलं, म्हणून ते टिकले. त्याची किंमत त्यांच्या माहेराने मोजली, असं विदर्भात अजून म्हणतात.

येणारे-जाणारे

१९७५ नंतर सोळा वर्षं विदर्भाचा मुख्यमंत्री झाला नाही. शंकरराव चव्हाण, वसंतदादा पाटील, शरद पवार, अंतुले, बाबासाहेब भोसले, शिवाजीराव पाटील निलंगेकर यांची आळीपाळी चालली. १९७८ मध्ये वसंतदादांच्या सरकारात भंडाऱ्याचे नासिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री झाले. महाराष्ट्रातलं ते पहिलं उपमुख्यमंत्रिपद. चारेक महिन्यांत सरकार पडलं. भोसल्यांच्या काळात, १९८२ मध्ये, चांद्यातून गडचिरोली वेगळा निघाला. पुढे १९९८ मध्ये वाशिम आणि १९९९ मध्ये गोंदिया. सामील होताना आठ असलेले जिल्हे अकरा झाले. गोसीखुर्द धरणाची कोनशिला १९८८ मध्ये राजीव गांधींनी बसवली. त्यानंतर डझनभर मुख्यमंत्री झाले, पण प्रकल्प पुरा झाल्याचं काही कोणाला सांगता आलं नाही.

याच काळात नागपूरच्या शेजारून एक मोठं नाव देशाच्या खुर्चीकडे गेलं. पी. व्ही. नरसिंह राव नागपूरला कायदा शिकलेले, मराठी उत्तम जाणणारे, हरी नारायण आपट्यांची कादंबरी तेलुगूत नेणारे. १९८४ आणि १९८९ मध्ये ते रामटेकमधून लोकसभेवर गेले. १९९१ मध्ये पंतप्रधान झाले तेव्हा रामटेक मागे पडलं होतं आणि ते आंध्रातल्या नंद्यालहून निवडून आले. तरी नागपूरकर त्यांना अर्धं आपलं मानतात.

जून १९९१ मध्ये खुर्ची पुन्हा गहुलीला आली. वसंतरावांचे पुतणे सुधाकरराव नाईक. गावचे सरपंच, मग जिल्हा परिषदेचे अध्यक्ष, मग मंत्री, अशी पायरी पायरीने चढलेली वाट. जलसंधारणाचं स्वतंत्र खातं ही त्यांची ठळक खूण. त्यांच्याच काळात, डिसेंबर १९९१ मध्ये, नागपूरच्या अधिवेशनाने राज्याचं राजकारण हलवलं. छगन भुजबळ आपल्या गटासह शिवसेनेतून फुटले, काँग्रेसमध्ये गेले आणि मंत्री झाले. शपथविधीही नागपुरातच. पुन्हा मंत्र्यांनी नागपुरात शपथ घ्यायला १५ डिसेंबर २०२४ उजाडला. तेव्हा एकदम ३९ जणांनी घेतली. मुंबईच्या दंगलीनंतर, १९९३ च्या सुरुवातीला, सुधाकररावांचं पद गेलं. पुढची एकवीस वर्षं विदर्भाचा मुख्यमंत्री नाही.

त्या वर्षांतला एक दिवस नागपूर विसरत नाही. २३ नोव्हेंबर १९९४. शरद पवार मुख्यमंत्री, अधिवेशन चालू. अनुसूचित जमातीत समावेश व्हावा म्हणून गोवारी समाजाचा मोर्चा आला होता. गुरं राखणारी, खेड्यापाड्यांतून पायी, ट्रकने आलेली माणसं. मोर्चा अडवला गेला, कोणी निवेदन घ्यायला येईना, लोक ताटकळले. मग लाठ्या चालल्या आणि चेंगराचेंगरी झाली. ११४ माणसं गेली. त्यात बायका आणि मुलं जास्त. आदिवासी विकासमंत्री मधुकरराव पिचड यांनी राजीनामा दिला. चार महिन्यांतच काँग्रेसची सत्ता गेली. सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला आज आदिवासी गोवारी शहिदांचं नाव आहे.

युतीचे मनोहर जोशी आणि नारायण राणे, मग आघाडीचे विलासराव देशमुख, सुशीलकुमार शिंदे, अशोक चव्हाण, पृथ्वीराज चव्हाण. या वर्षांत विदर्भ देशाच्या वर्तमानपत्रांत आला तो शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे. जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग स्वतः आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींची मदत जाहीर करून गेले. कापसाच्या मुलखाकडे पाहायला मुख्यमंत्र्याच्या वरची पायरी उतरून यावी लागली.

महापौर ते मुख्यमंत्री

३१ ऑक्टोबर २०१४ ला देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री झाले. कन्नमवार चांद्याचे होते, दोन्ही नाईक पुसदचे. हे मात्र थेट नागपूरचे: १९७० चा जन्म, १९९२ मध्ये नगरसेवक, १९९७ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी महापौर, १९९९ पासून आमदार. शहराच्या नळ-रस्ते-गटारांपासून सुरुवात करून राज्याच्या प्रमुखपदी पोचलेला पहिला नागपूरकर. वसंतराव नाईकांनंतर पाच वर्षांचा काळ पूर्ण करणारेही तेच पहिले. २०१९ च्या नोव्हेंबरात पहाटेच्या शपथेनंतर चार दिवसांत त्यांना जावं लागलं, उद्धव ठाकरे आले, मग २०२२ मध्ये एकनाथ शिंदे, आणि ५ डिसेंबर २०२४ ला पुन्हा फडणवीस.

या काळाचं दृश्य चिन्ह म्हणजे समृद्धी महामार्ग. ७०१ किलोमीटर, नागपूर ते मुंबई. फडणवीसांच्या पहिल्या काळात तो ठरला, शिंद्यांच्या काळात डिसेंबर २०२२ मध्ये शिर्डीपर्यंत खुला झाला आणि जून २०२५ मध्ये इगतपुरीच्या पुढचा शेवटचा तुकडा जोडला गेला. सोळा तासांचं अंतर आठावर आलं. नागपूरची मेट्रोही याच काळातली.

रस्ता नागपूर जवळ आणतो की मुंबई? हा प्रश्न चेष्टेचा नाही. जुन्या माणसांना आठवतं की साठच्या दशकात अधिवेशन आठवडेच्या आठवडे चाले आणि मंत्री कुटुंबासह मुक्कामाला येत. आता विमान आहे, महामार्ग आहे, आणि २०१९ चं अधिवेशन सहा दिवसांचं होतं, २०२४ चंही सहा दिवसांचं. अंतर कमी झालं तसा मुक्कामही. त्यातच विदर्भासाठी १९९४ मध्ये स्थापन झालेल्या वैधानिक विकास मंडळाचीही मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली.

वहीचा हिशेब

१९६० पासून, काळजीवाहू सावंत धरले तर, वीस माणसांनी मुख्यमंत्र्याची खुर्ची सांभाळली. त्यातले चार विदर्भाचे. वर्षं मोजली तर हे चौघे जवळजवळ एक तृतीयांश काळ खुर्चीत होते. लोकसंख्येत विदर्भाचा वाटा याहून कमी आहे. म्हणजे ‘आमचा माणूस कधी येऊ दिला नाही’ ही तक्रार आकड्यांत टिकत नाही. अनुशेष मात्र आकड्यांत टिकतो. ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत, आणि नागपूरच्या वहीचा गाभा एवढाच आहे. आपला माणूस खुर्चीत बसला की नाव होतं. खुर्ची गावात असली की तिच्याभोवती कचेऱ्या, कोर्टं, कारकून, छापखाने, वसतिगृहं आणि दबाव टाकणारी माणसं गोळा होतात, आणि खुर्चीतला माणूस बदलला तरी ती तिथेच राहतात.

मोर्चे बहुतेक वेळा ‘मॉरिस कॉलेज टी-पॉइंट’ला अडवले जातात. विधानभवन तिथून काही मिनिटांच्या चालीवर आहे. ज्या कॉलेजच्या नावाने हा चौक ओळखला जातो, तिथे गहुलीच्या तांड्यावरचा एक मुलगा शिकला आणि राज्यात सर्वांत जास्त काळ मुख्यमंत्री राहिला. कॉलेजला आता त्याचंच नाव आहे: वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्था. कॉलेजच्या फाटकावर त्याचं नाव, आणि फाटकाबाहेर लोखंडी कठड्यांना टेकून, डोक्यावर डिसेंबरचं ऊन घेऊन बसलेली त्याच तांड्या-खेड्यांतली माणसं. आत गेलेला एक जण त्यांच्यातलाच होता. ती मात्र अजून निवेदन घ्यायला कोणी येईल याची वाट पाहत बसली आहेत.